उजव्या हाताची नाडी

"थांबणार! आता थांबणार!"

तिरुवैयारूच्या घाटावर दीड हजार माणसं टाचा उंचावून उभी होती आणि सगळ्यांची नजर एका मनगटावर होती. मनगट नाडीबंध स्वामींचं. त्यावर तीन बोटं ठेवून उभी होती कृष्णवेणी, तंजावूरच्या एका इस्पितळात बारा वर्षं नर्स असलेली. ती नुसती वहिनीच्या सोबतीला आली होती. "गर्दीत कुणी डॉक्टर, नर्स आहे का?" असं स्वामींनी विचारलं आणि वहिनीनं, शेषम्मानं, तिला कोपरानं पुढे ढकललं.

स्वामी भगव्या शालीत गळ्यापर्यंत गुंडाळलेले. बाहेर फक्त उजवा हात.

"पुरुषाची नाडी कुठल्या हाताची बघतात?" त्यांनी गर्दीला विचारलं.

"उजव्या!"

"बाईची?"

"डाव्या!"

"शाबास. सगळं तुम्हालाच ठाऊक, मग मी कशाला शिकवू? हे हृदय म्हणजे बैल. जन्मभर राबतो बिचारा. मी म्हणतो, बस रे बाबा, जरा रवंथ कर. बसतो! डॉक्टर काय करतो? सुई टोचतो. बैल उधळतो!"

हशा. टाळ्या. एकानं तर बैलासारखं हंबरून दाखवलं.

कृष्णवेणीचे आजोबा वैद्य होते. पुरुषाची उजवी, बाईची डावी, हे त्या घरात मुलं बोलायला लागायच्या आधी शिकायची. दोन्ही हातांची नाडी एकाच हृदयाची, हे ती इस्पितळात शिकली. पण पुरुष समोर आला की तिची बोटं आपोआप उजव्या मनगटाकडे जात. तशीच आज गेली.

बहात्तर. व्यवस्थित.

मग मंद.

मग बारीक, दोऱ्यासारखी.

मग

"नाडी लागत नाही," ती म्हणाली. खोटं बोलली नाही. खरोखरच लागत नव्हती. स्वामींचा पंजा गार पडला होता, नखं पांढरी झाली होती. तेही तिनं पाहिलं आणि मनात म्हणाली, योग असेल. डावा हात मागावा, हे तिच्या डोक्यात आलं नाही. गर्दीतल्या एकाच्याही आलं नाही.

*

पिवळा कागद, मोठी अक्षरं, पुढच्याच आठवड्यात घरोघरी:

विज्ञान हरलं! इस्पितळातील अनुभवी नर्स कृष्णवेणीबाई यांनी स्वतः तपासून सांगितलं: नाडी बंद, स्वामी जिवंत! छातीचे, वायूचे, धडधडीचे सर्व विकार नऊ प्रदक्षिणांत नाहीसे. दर रविवारी सकाळी. औषधं घरी ठेवून यावं.

*

दोन महिन्यांनी. १९५८. रविवार, सकाळचे सात.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कृष्णवेणीचे मोठे भाऊ हनुमंतराव वाफाळत्या कापीचा पेला हातात घेऊन बसले आणि पेला तसाच खाली ठेवला. वय चौपन्न. तालुका कचेरीत हेडक्लार्क. आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. आज मात्र शेजारच्या खोलीतल्या बायकोला तीनदा हाक मारावी लागली.

"वायू धरला की," शेषम्मा म्हणाली आणि हिंग घातलेलं ताक करायला आत पळाली.

रात्रपाळी संपवून कृष्णवेणी दारात आली तेव्हा ताक पिऊन झालं होतं. तिनं भावाकडे एकदा पाहिलं. चपला पायातच राहिल्या.

कपाळावर घाम. थंडीचे दिवस, आणि सदरा पाठीला चिकटलेला. चेहरा राखेसारखा. डाव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध.

"अण्णा, दुखतं कुठं?"

"दुखत नाही गं. छातीवर कुणी जातं आणून ठेवलंय." त्यांनी हनुवटी चोळली. "दातसुद्धा ठणकतायत. काय गंमत बघ, कवळी आहे माझी."

"डावा हात?"

"जड."

"हलू नका. वहिनी, उशा आणा. पाठीला टेकू द्या. जिना नाही, चालणं नाही, न्हाणीघरसुद्धा नाही. मी मोटार आणते. इस्पितळात प्राणवायू देतील, दुखणं थांबवायची सुई देतील, हृदयाला विसावा मिळेल. अण्णा, हा वायू नाही. हृदय आहे."

हनुमंतराव हसले. भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या. त्यांच्या खाली खिळ्याला अडकवलेला पिवळा कागद त्यांनी बोटानं दाखवला.

"हृदय थांबून माणूस जिवंत राहतो. कुणी सांगितलं? तूच."

"मी नाडी लागत नाही म्हणाले. हृदय थांबलं असं नाही म्हणाले."

"आता शब्दांचा कीस काढ! दीड हजार माणसांसमोर एक आणि घरात एक? रविवार आहे आज. तो टोचणारा डॉक्टर नको. स्वामींकडे ने मला."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

शेषम्मा पदर आवळून उभी होती. "मी काय सांगू, अक्का? मी अडाणी. मी तुझ्याच शब्दावर विश्वास ठेवला की."

मोटार आली. नाक्यावर एक रस्ता इस्पितळाकडे, एक तिरुवैयारूकडे. "इस्पितळ," कृष्णवेणी ड्रायव्हरला म्हणाली. "तिरुवैयारू!" हनुमंतराव ओरडले, आणि ओरडल्याबरोबर त्यांचा श्वास अडकला, ओठ निळसर झाले. ती गप्प झाली. आणखी वाद म्हणजे आणखी राग, आणि तो राग त्या हृदयाला पेलणार नाही, हे त्या मोटारीत तिला एकटीलाच कळत होतं. कळत होतं म्हणूनच ती हरली.

गाडी वळली. कालवा. भातशेतं. नारळ. सात मैल.

*

पिंपळाला पार. पाराभोवती प्रदक्षिणा.

पहिली. गर्दी मोजते आहे. स्वामी शालीत. "या या, बैलाला फिरवून आणा, म्हणजे मोकळा होईल!"

दुसरी. कृष्णवेणी भावाच्या दंडाला धरून. "अण्णा, बसा. पाया पडते."

तिसरी. "बरं वाटतंय गं," हनुमंतराव म्हणतात. हनुवटीवरून घाम टपकतो.

चौथी. तिनं पारावरच्या स्वामींना हात जोडले. "यांना बसू द्या. हृदयाचा झटका आहे. एकेक पाऊल म्हणजे ओझं आहे." स्वामी गर्दीला म्हणाले, "बाई शहाणी आहे! हिनंच माझी नाडी बघितली, हिलाच भीती वाटते!" हशा.

पाचवी. शेषम्मा पुढे, हातात फुलं. मागे वळून पाहत नाही.

सहावी. ते थांबले. उलटी झाली. "घाण निघाली!" कुणीतरी आनंदानं ओरडलं.

सातवी

हनुमंतराव पाराच्या कट्ट्यावर हात टेकायला गेले. कट्टा तिथं नव्हता.

*

कृष्णवेणीनं त्यांना मांडीवर घेतलं, सदऱ्याची बटणं तोडली, मान बघितली. श्वास होता. नाडी होती, वेडीवाकडी, मध्येच अडखळणारी.

"मोटार! मोटार इकडे आणा!"

"कशाला मोटार?" स्वामी पारावरून खाली आले. आवाज मोठा, पण डोळे गर्दीच्या कडेकडेनं वाट शोधत होते. "त्यांचा आजार मी अंगावर घेतलाय. बघा! माझी नाडी थांबली!" आणि उजवा हात पुढे केला.

तिनं तो घेतला नाही. शालीत हात घालून डावा ओढला.

एकशेतीस. घाबरलेल्या माणसाची नाडी, ठणठणीत, बोटं उडवणारी.

"याचं हृदय चालू आहे!" ती ओरडली. "उजवीकडे थांबलंय आणि डावीकडे पळतंय? हृदयं दोन आहेत का याला?" तिनं उजवा दंड धरून वर उचलला. काखेतून सालासकट सुपारी पडली, लिंबाएवढी, टणक, घामानं ओली.

"बघा. हाताला रक्त नेणारी नस इथून, काखेतून जाते. हिच्यावर सुपारी दाबली की मनगटात नाडी लागत नाही. दंड सैल केला की परत. हृदयाला याचा पत्ताही नसतो. एवढाच चमत्कार!"

गर्दी सुपारीभोवती दाटली.

मग एक म्हातारा वाकला, सुपारी उचलली, कपाळाला लावली.

"गाठ," तो म्हणाला. "सामींनी यांच्या आजाराची गाठ ओढून काढली."

"अय्यो, गाठ! गाठ बघू!"

दीडशे हात पुढे आले. मोटारीला वाट मिळायला पाव तास लागला.

*

इस्पितळ. कागद.

नाव: हनुमंतराव. वय: ५४.
दुखणं कधी सुरू झालं: सकाळी सात.
आणलं: साडेअकरा.
त्यानंतरच्या दोन रकान्यांत डॉक्टरांनी घाईनं लिहिलं, सुई, प्राणवायू. पुढचे रकाने कोरे राहिले.

"सातला आणलं असतं तर?" कृष्णवेणीनं विचारलं.

डॉक्टर तिला खोटं सांगू शकले असते. पण ती त्यांच्याच वॉर्डातली. "खात्री नव्हती," ते म्हणाले. "संधी होती. चालवायला नको होतं."

*

तेराव्या दिवशी पंगती उठल्यावर शेजारची कामाक्षी मागच्या पडवीत येऊन बसली. कृष्णवेणीनं तिला सगळं सांगितलं. गेले बारा दिवस जो येईल त्याला ती सांगतच होती. स्वतःच्या काखेत कापडाचा घट्ट बोळा धरून उजवं मनगट पुढे केलं. कामाक्षीनं बोटं ठेवली, नाडी गेली. बोळा काढला, नाडी आली.

"अगंबाई! एवढंच?"

"एवढंच."

"आणि आपण सगळे उजवाच हात बघत बसलो!"

"मी बसले. मला तर शिकवलं होतं."

आत शेषम्मा भांडी आवरत होती. ती या विषयावर बोलत नसे. पिवळा कागद तिनं खिळ्यावरून काढला नव्हता, आणि कृष्णवेणीनंही तो काढायला सांगितला नव्हता.

कामाक्षी आवाज खाली आणून म्हणाली, "ते स्वामी आता कुंभकोणमला असतात म्हणे."

"का?"

"आमच्या यांना जिना चढताना छातीत धरतं. घाम येतो. बसलं की जातं. आज पहाटे बसल्यावरही गेलं नाही."

कृष्णवेणी उभी राहिली. "आत्ता कुठं आहेत?"

"घरी. पण डॉक्टर म्हटलं की चिडतात. म्हटलं, आधी एकदा स्वामींना पुसते, मग बघू."

"आत्ता बोळा बघितलास ना तू?"

"बघितला गं. तो स्वामी लबाड असेल. पण आजार तर काढतो, लोक सांगतात."

पायाखालची जमीन दाखवावी आणि समोरच्यानं आभाळाकडे बघून मान डोलवावी, तसं झालं. तिनं कामाक्षीचे दोन्ही हात धरले.

"ऐक. छातीवर ओझं, घाम, डावा हात जड, जबडा ठणकतो, श्वास पुरत नाही. यातलं एवढंतेवढं जरी असलं, तरी त्याला वायू म्हणू नकोस. चालवू नकोस. टेकवून बसव, सदरा सैल कर आणि गाडी बोलाव. चिडले तर चिडू देत, पण वाद घालत तू थांबू नकोस. आधी इस्पितळ. मग स्वामी, देव, ग्रह, कुणाला पुसायचं त्याला पूस, मी अडवणार नाही. माणूस जिवंत असला की पुसायला सगळा जन्म असतो."

कामाक्षीनं मान हलवली. होय म्हणून, की नाही म्हणून, ते कळलं नाही. कृष्णवेणी चपला शोधायला आत गेली.