पाच मिनिटांचा नंबर

शाळा सुटून पंधरा मिनिटं झाली होती, आणि ज्योत्स्ना मेश्राम मॅडम सातवीच्या रिकाम्या वर्गात मोबाइल वाचत बसल्या होत्या. हे त्यांचं रोजचंच. मधल्या सुट्टीत त्या आपला फोन टेबलावर ठेवायच्या, त्यात चॅटबॉट उघडून द्यायच्या आणि पोरांनी हजेरीच्या क्रमाने एकेक करून आत येऊन जे अडलं ते विचारायचं. रोज सहा पोरं, प्रत्येकाला पाच मिनिटं. नाव लिहायचं नाही. वर्गात "समजलं का?" म्हटलं की अख्खा वर्ग "हो मॅडम" म्हणून बोंबलतो आणि पेपर तपासायला घ्यावा तर नुसता आनंद! फोनसमोर मात्र पोरं मोकळी व्हायची. संध्याकाळी मॅडम त्यांचे प्रश्न वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच शिकवायच्या. याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

आजचा पहिला प्रश्न अपूर्णांकाचा होता, दुसरा चंद्रग्रहणाचा. तिसरा वाचून मॅडमना हसूच आलं.

"दारू न पेता माणूस पेल्यावानी करते का?"

अस्सं! कोण्या बेट्याला हे सुचलं? बॉटने विचारलं होतं, नेमकं काय होतंय? खाली पोराने लिहिलं होतं, "तोंडातून लाळ गळून राह्यली. उलट्या झाल्या. घाम येते. उभं राहता येत नाई. कालपासून हाय. आई म्हणते पेऊन आले. पण वास नाई येत. मी तोंडाजवळ जाऊन पाह्यलं."

मॅडमचं हसू गेलं.

"ही विषबाधेची लक्षणं असू शकतात," बॉटने उत्तर दिलं होतं. "त्यांनी शेतात फवारणी केली होती का? केली असेल तर क्षणभरही थांबू नका. लगेच मोठ्यांना सांगा आणि त्यांना दवाखान्यात न्या."

त्याखाली काहीच नव्हतं. होता तो पुढच्या पोराचा प्रश्न, भागाकारात वर शून्य काऊन देतात म्हणून.

व्हरांड्यात खिचडी वाढता वाढता त्यांनीच खिडकीतून आवाज दिला होता, "झाले पाच मिनिटं, उठा! दुसऱ्याले येऊ द्या!" आत कोण होतं तेही मान वळवून पाहिलं नव्हतं. पोरगं निमूट उठून गेलं असणार. उत्तर त्याने वाचलंच नसणार. तेव्हा दीड वाजला होता, आता पावणेपाच होत आले होते.

हजेरी उघडली. काल बारापर्यंत झालं होतं, म्हणजे आजचा तिसरा नंबर पंधरा. मयुरी! मॅडमनी स्कूटीला किक मारली ती वर्गाला कुलूप न लावताच.

मयुरीचे वडील बापूराव ओसरीत बशीतून चहा पीत होते. चांगले धडधाकट. मॅडम धापा टाकत म्हणाल्या, "तुमाले बरं वाटते ना? उलट्या, चक्कर?"

"मले काय धाड भरली?" बापूराव बशी ठेवून म्हणाले. "काय झालं मॅडम? पोरीनं काई सांगतलं काय?"

कुठल्या तोंडाने सांगणार, की तुम्ही प्यायल्यासारखे दिसता असं कोणीतरी लिहिलंय? अख्ख्या गावात हा एक माणूस दारूच्या वासानेही उठून जाणारा! मॅडमनी मयुरीला बाजूला घेतलं. "आज फोनवर तू काय विचारलं?"

मयुरीने मान खाली घातली. "म्या नाई बसली, मॅडम. काजलनं माझा नंबर मांगतला. दोन पेरू देले तिनं."

"नंबर विकता तुम्ही?"

"सगळेच विकते."

हा बाजार वर्गात कधीपासून भरत होता, आणि मॅडमना पत्ता नव्हता! पण रागवायला वेळ कुठे होता? काजल म्हणजे लहानूची पोरगी. लहानू रोजाने फवारणीला जायचा. गेल्या होळीला त्याने चार लोकांसमोर दारू सोडली होती.

"बापूराव, तुमची व्हॅन काढा," मॅडम म्हणाल्या. "काऊन ते मंग इचारा. आर्वीले जायाचं हाय."

बापूराव चहा तसाच टाकून उठले.

लहानूच्या घराचं दार लोटलेलं होतं. त्याची बायको कोकिळा आडवी उभी राहिली. "झोपले हाये ते. बरं नाई त्याईले."

"कोकिळाताई, मले पाहू द्या."

"काय पाहता?" कोकिळा एकदम उसळली. "आठ महिने मिरवलं म्या, माह्या मानसानं सोडली म्हून! आता गावाले तमाशा दाखवू? काजल, तू सांगतलं न मॅडमले? तुले बजावलं होतं न म्या!"

"तिनं मले काहीच नाई सांगतलं," मॅडम म्हणाल्या, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं. पोरीने फोनला विचारलं होतं, त्यांना नाही.

लहानू जमिनीवर पडला होता. अंगात कालचाच फवारणीचा शर्ट, छातीला चिकटलेला. तोंडातून फेस. श्वास घेताना आत काहीतरी घुरघुरत होतं. बापूरावांनी नाकाला रुमाल लावला नाही की तोंड फिरवलं नाही. सरळ त्याला काखेत धरून उचललं.

आर्वीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "किती प्यायला?"

"पेले नाई," काजल म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा ती मोठ्याने बोलली.

डॉक्टरांनी बॅटरीने डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी शर्ट कापून काढायला लावला, अंग धुवायला लावलं, इंजेक्शनं मागवली. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "दोन-तीन तास आधी आणायला काय झालं होतं?"

मॅडम पाठ फिरवून व्हरांड्यात आल्या.

तिथल्या बाकावर काजल त्यांच्याशेजारी येऊन बसली. "मॅडम, त्यानं काय सांगतलं होतं? मले वाचाले नाई भेटलं."

मॅडमनी फोन तिच्या हातात दिला. काजलने बोट फिरवत उत्तर वाचलं, दोनदा वाचलं. "हे वाचलं असतं तं म्या पळतच घरी गेली असती," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतंच सांगितलं. मॅडमचा जीव कळवळला.

"चूक माझी झाली व बाई," त्या म्हणाल्या. "माझी."

काजलने मान हलवली. मग विचारलं, "माझे मिनिटं उरले हाये का?"

"हायेत. पाह्यजे तेवढे हायेत."

तिने सावकाश टाइप केलं, "हो. फवारणी केलती. बाबा वाचतीन का?"

मॅडमनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. आज दुसऱ्यांदा, पण या वेळी अलगद. "हे त्याले नाई माहीत. चाल, डॉक्टरले विचारू."

डॉक्टर दारातच भेटले. "आता श्वास सुधारतोय," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस लक्ष ठेवावं लागेल. पण वाचतील."

मॅडमना रडू कोसळलं. काजल मात्र रडली नाही. ती भिंतीला टेकून बसलेल्या कोकिळाकडे गेली आणि म्हणाली, "आई, बाबा पेले नव्हते."

कोकिळाने पदर तोंडावर ओढून घेतला. काल लहानू झोकांड्या देत आला, तेव्हा तिने त्याला रात्रभर दाराबाहेर ठेवलं होतं.