वजनानंतरचा डबा

आमच्या खोलीत कोंबडीवर राज्य माझं होतं, हे आधीच सांगून टाकते. पैलवान फक्त खायची. पैलवान म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. दिसायला काडी, पण भारोत्तोलन करते आणि पंचावन्न किलोच्या गटात खेळते. तिला रोज बिनचरबीचं मांस हवं, आणि दुकानात सोलून, कापून, पाकिटात घातलेले छातीचे तुकडे घ्यायची आमची ऐपत नव्हती. म्हणून मी अख्खी कोंबडी आणायचे, कातडं काढायचे आणि स्वतः तोडायचे. छाती तिची, तंगड्या माझ्या, आणि हाडं उकळून दोघींचं सूप. एक कोंबडी तीन दिवस पुरायची. आई म्हणते तशी मी मेली जन्मतःच मास्तरीण. कोंबडीला हात लावायच्या आधी हात धुवायचे, कच्चं खालच्या कप्प्यात, शिजलेलं वरच्या, आणि कुणी फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर तिचं काही खरं नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते ना! जंतूंवर अर्धा तास बोलू शकायचे, समोरच्याला ऐकायचं असो वा नसो.

त्या रविवारी पैलवानाची निवड चाचणी होती. गटात पहिली आली तर विद्यापीठाच्या संघात, आणि संघात गेली की फी माफ. नाही आली तर शिक्षण बंद आणि परत घरी, भावाच्या दुकानात गल्ल्यावर. भावाने तसं स्पष्टच सांगितलं होतं. वजन नऊला, स्पर्धा अकराला. वजन भरेपर्यंत पोटात काही घालायचं नाही, म्हणून दोन दिवस ती जवळजवळ उपाशीच होती. वजन झालं की मी डबा घेऊन हजर राहायचं, असं ठरलेलं. शनिवारी दुपारीच मी छातीचे तुकडे शिजवून वरच्या कप्प्यात ठेवले होते.

रविवारी ती पहाटेच निघून गेली. साडेसातला मी उठले आणि पाय ओला झाला. फ्रिजखाली पाण्याचं थारोळं. दार उघडलं तर आत अंधार, आणि दमट, कोंदट वास.

आमच्या खोलीत धड चालणारं सॉकेट एकच. त्यात इस्त्रीची पिन होती. आदल्या संध्याकाळी तिच्या जर्सीला इस्त्री करायला फ्रिजची पिन मीच काढली होती. मीच! सहा वाजता. तेरा तास, आणि तेही या उकाड्यात.

डबा उघडून वास घेतला. काही नाही. परत घेतला. काहीच नाही. कोमट होतं, बस. मग मी काय केलं? ते तव्यावर टाकलं, चांगलं दहा मिनिटं परतलं, वरून मिरपूड आणि लिंबू. परतताना स्वतःशी म्हणत होते, मेले असतील गं सगळे जंतू. आणि मला पक्कं माहीत होतं की जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष उष्णतेने जात नाही. हाच प्रश्न मागच्या परीक्षेला आला होता आणि मला त्यात पैकीच्या पैकी होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दुसरी कोंबडी आणायची तर दुकान दहाला उघडतं. दुसरं काहीतरी नेता आलं असतं, नाही असं नाही. पण मग सांगावं लागलं असतं की पिन मी काढली आणि विसरले. एरवी तिच्या साध्या चुकीवर आकाशपाताळ एक करणारी मी. मला ते तोंडातून काढवेना. खरं कारण एवढंच होतं, आणि आज ते लिहितानाही कान तापतात.

बसमध्ये डबा मांडीवर गरम लागत होता. बरं असेल, मी म्हणत होते. घरोघरी लोक असलंच खातात, कुणाला काय होतं? पुढच्या थांब्यावर वाटायचं, अकरा वाजता ती बारखाली असताना पोटात कळ आली तर? ऐंशी किलो डोक्यावर आणि पोटात कळ! तीन थांबे आधीच उतरावंसं वाटलं. उतरले नाही.

व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत ती बाकावर बसून होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, पण मला बघताच हसली.

"चोपन्न नऊशे!" ती म्हणाली. "बसलं गटात. आण लवकर, पोटात कावळे ओरडतायत."

मी डबा दिला. म्हणजे तिनेच ओढून घेतला. झाकण उघडून तिने नाक आत घातलं.

"आहाहा! लिंबू पिळलंस? देव तुझं भलं करो, मास्तरीण."

आता सांग, आता सांग, असं मी मनात म्हणत होते. तिने मोठा तुकडा उचलला, तोंडात टाकला, चावला.

"थुंक!" मी ओरडले. "थुंक ते! आधी थुंक!"

सगळी खोली वळली. पैलवानाने घाबरून हातावर थुंकलं. तिच्या कोच मॅडम वजनाच्या टेबलाकडून धावत आल्या. मी एका दमात सगळं ओकले. पिन, इस्त्री, तेरा तास, तवा.

पैलवान शांतपणे हात पुसत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला कधी कळलं?"

"साडेसातला."

तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. साडेनऊ वाजत आले होते.

"आणि मी खाईपर्यंत थांबलीस."

"अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं?"

कोच मॅडमनी डबा उचलून सरळ कचऱ्याच्या पेटीत उपडा केला आणि दोघींवर तोफ डागली. "आणि बार उचलायच्या तोंडावर कोंबडी कोण खातं गं? ती पचायची कधी? शहाण्या आहात दोघी! तू काय बघत उभी आहेस? पळ, केळी आण, ब्रेड आण, मध मिळाला तर बघ!"

मी पळाले. आयुष्यात तशी कधी पळाले नव्हते. परत येऊन केळं पैलवानापुढे धरलं, तर तिने ते माझ्या हातातून घेतलं नाही. मॅडमनी माझ्याकडून घेतलं आणि तिला दिलं. मग तिने खाल्लं.

पुढचे तीन तास माझा जीव टांगणीला. त्या घासातला रस गिळला असेल का? किती? प्रत्येक वेळी ती पोटाकडे हात नेई आणि माझं धाबं दणाणे. पण ती नुसता कमरेचा पट्टा आवळत असायची. पहिल्या प्रकारात, म्हणजे बार एका झटक्यात डोक्यावर न्यायच्या, ती दुसरी आली. दुसऱ्यात, म्हणजे खांद्यावर घेऊन मग वर न्यायच्या, दोन प्रयत्नांनंतरही एक उंच मुलगी एकूण बेरजेत दोन किलोंनी पुढे होती. शेवटच्या प्रयत्नाला तिने ब्याऐंशी किलो लावायला सांगितलं. सरावातसुद्धा तिने ऐंशीच्या वर उचललं नव्हतं.

बार खांद्यापर्यंत आला. ती उठली, डुगडुगली, पाय थरथरायला लागले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. माझा आवाज तिला नको असेल, असं वाटलं. मग बार वर गेला आणि राहिला. तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांचा होकार, आणि पैलवान गटात पहिली!

मी रडत प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून खाली धावले. ती मॅडमच्या गळ्यात पडली, त्या उंच मुलीच्याही पडली, आणि माझ्या शेजारून निघून गेली. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ती पुढे उभी राहिली.

तीन दिवस तिने कँटीनमध्ये उकडलेली अंडी खाल्ली. मला म्हणायची ते एवढंच, "दिवा बंद कर." चौथ्या दिवशी माझ्याने राहवेना. अख्खी कोंबडी आणली, तोडली, छातीचे तुकडे शिजवले आणि ताट तिच्या पुस्तकाशेजारी ठेवलं. "माफ कर," मी म्हणाले. "पिन विसरल्याबद्दल नाही. गप्प बसल्याबद्दल."

तिने एक तुकडा उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"आधी तू."

मला वाटलं थट्टा करतेय. मी हसले. ती हसली नाही. मी खाल्लं. मी गिळेपर्यंत ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली, आणि मग जेवायला बसली.

आता तिला खेळाडूंच्या मेसमध्ये फुकट जेवता येतं. तरी ती संध्याकाळी खोलीवरच जेवते, माझ्या हातचं, आणि कधीकधी छान झालंय असंही म्हणते. पण पहिला तुकडा ती अजून माझ्यापुढे धरते, आणि मी तो खाते.