काळीची पाठवणी

सुज्ञ वाचकहो, एका लहानशा शेतावरचा संसार आवरताना त्या घरच्या काकूंनी आपल्या म्हशीची पाठवणी कशी केली, ती हकिकत मी येथे यथाशक्ती निवेदन करणार आहे. कृपया धीराने वाचावी.

हंगामाचे शेवटचे धान्य पोत्यांत बंद झाले होते. काकांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिल्यामुळे शेत शेजाऱ्याच्या स्वाधीन करण्यात आले होते. नांगर गेला, कोंबड्या धाकट्या जावेकडे गेल्या, आणि गोठ्यात काळी नामक म्हैस तेवढी रवंथ करीत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी उभयतां मुलाकडे शहरात राहावयास जाणार होते.

काळीला एक विचित्र खोड होती. काकूंनी यथेच्छ शिव्या दिल्याखेरीज ती पान्हा सोडीत नसे. पहिल्या वेताला तिने चरवी लाथाडली, काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला, आणि नेमके त्याच क्षणी दूध उतरले. तेव्हापासून तोच परिपाठ पडला.

तिला न्यावयास आलेला गवळी मनाने भला, परंतु व्यवहाराला पक्का होता. तो म्हणाला, "काकू, माझ्या बायकोच्या हाताला दूध दिलं, तर जन्मभर सांभाळतो. नाही दिलं, तर बाजार. तिथं ती कुणाच्या हाती लागेल, ते मी काय सांगू?"

काकूंनी चरवी उचलून त्याच्यासोबत आलेल्या बायकोच्या हाती दिली.

गवळीण नवी नवरी होती. तिचे बोलणे लोण्याहून मऊ. ती कासेपाशी बसून म्हणाली, "काळे, दूध दे ना गं. शहाणी ना तू?"

काळीने कान हलवून माशी उडविली.

"अगं, पाहुणी आहे का ती?" काकू म्हणाल्या. "म्हण, टवळे, ऐतखाऊ, फुकटचा चारा गिळतेस!"

"मला लाज वाटते हो, काकू."

"चिडल्यावर नवऱ्याला काय म्हणतेस?"

"काही नाही म्हणत."

"काही नाही?" गवळी दारातून ओरडला. "काल चिखलाचे पाय घेऊन आत आलो, तर आख्खी गल्ली गोळा झाली!"

गवळीण लाजत लाजत एकेक शिवी म्हणू लागली. परंतु काळी मान वळवून काकूंकडेच पाहत राहिली. तेव्हा काकूंच्या ध्यानी आले की, आपण समोर आहोत तोवर ही दुसऱ्या कोणाचे ऐकावयाची नाही. त्या निमूटपणे बाहेर गेल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

आत काळी रेकली. काकूंच्या ओठांवर शिवी आली, ती त्यांनी गिळली. काळी पुन्हा रेकली.

"एक हाक मार की," ओट्यावर बसलेले काका म्हणाले. "शोधतेय बिचारी."

"तुम्ही गप्प बसा. आज मी ओ दिली, तर तिचं वाटोळं होईल."

इतक्यात आत पाण्याची बादली धाडकन लवंडली.

"अगं टवळे! नवे कपडे भिजवलेस माझे! डोळे फुटले का तुझे, आळशे, नकटे, मेले..."

आणि पाठोपाठ चरवीच्या बुडाशी दुधाची धार वाजली.

"झालं की तुझ्या मनासारखं," काका म्हणाले.

"झालं," असे म्हणून काकू काकांशेजारी ओट्यावर बसल्या. जे घडावे म्हणून त्यांनी जीव मुठीत धरला होता, तेच घडले होते, आणि त्यानेच त्यांच्या काळजाला चटका बसला होता.

गवळ्याने दावे सोडले. काकूंनी काळीच्या पाठीवरून हात फिरविला, मात्र तोंडातून अवाक्षर काढले नाही. "चल गं, टवळे," गवळीण म्हणाली, आणि काळी चालू लागली. ती वळणाआड दिसेनाशी झाल्यावरच काकू पुटपुटल्या, "एकदा तरी मागं बघायचंस गं, मेले."

काकांनी गोठ्याची कडी लावावयास हात पुढे केला.

"राहू द्या उघडं," काकू म्हणाल्या. "आता आत काय आहे?"

वाचकहो, माझ्या लेखणीची धाव येथवरच. काही अधिकउणे झाले असल्यास क्षमा असावी. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
तात्या सुतार