उज्ज्वलाच्या घरून बोलतो

बापूरावांचा जुना नंबर बंद पडला तेव्हा त्यांनी एकदा स्वतःच तो लावून पाहिला. आतली बाई गोड आवाजात म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. बापूरावांना ते लागलं. वांग्यांच्या क्रेटवर, मळ्यातल्या मोटारीच्या खोलीवर आणि काहीएक कारण नसताना मेहुण्याच्या ट्रॅक्टरवर ऑइलपेंटनं रंगवलेला नंबर, आणि ही म्हणते अस्तित्वातच नाही! पण तोवर फुकट डेटावालं नवं सिम हाती आलं होतं. त्यांनी बाईचं म्हणणं मान्य केलं आणि नंबर विसरून गेले.

विसरायला नको होती ती गोष्ट म्हणजे लेकीचा, उज्ज्वलाचा, लग्नाचा बायोडाटा. तो जुन्या नंबरासकट व्हॉट्सअ‍ॅपवर सुटलेला होता आणि सुटलेला बायोडाटा काही कोणाला परत धरता येत नाही.

पोरगी कृषी पदवीधर. मळ्यातलं ठिबक तीच सांभाळायची, व्यापाऱ्याशी भावही तीच ठरवायची. तरी दोन वर्षांत एक फोन नाही. गावातल्या, किन्हीराजातल्या बायकांनी आधी विचारलं, मग विचारणंच सोडलं, आणि तिच्या आईला, अंजनाबाईंना, ते दुसरं जास्त झोंबलं. त्या दोष फोटोला द्यायच्या. बापूराव ग्रहांना द्यायचे. उज्ज्वला कोणालाच काही द्यायची नाही.

अशात मालेगावच्या बाजारात आलू विकणाऱ्या हरीओमनं त्यांना अडवलं.

"पोरगी द्याची नसन तं नका देऊ, भाऊ. पण माह्या भाच्याले फोनवर असं हाकलाचं?"

"म्या? कवा?"

"विड्या फुकते म्हणे! फुकते, पण तिकडं परजिल्ह्यात; तुमाले वाशीम जिल्ह्यात बसून वास कसा आला?"

बापूराव भाजी तशीच सोडून मळ्यातल्या घरी आले. अंजनाबाई आणि उज्ज्वलाला समोर बसवलं, फोन स्पीकरवर टाकला आणि बायोडाट्यावरचा तो अस्तित्वात नसलेला नंबर लावला. बाई बोललीच नाही. घंटी वाजली.

"हं, उज्ज्वलाच्या घरून बोलतो," एक जाडा आवाज म्हणाला. "पोट्टा काय करते?"

"पोट्टा नाही जी..."

"पोट्टा नाही तं फोन काहून केला?"

"म्या पोरीचा बाप बोलून राह्यलो!"

"पोरीचा बाप तं मी आहो," आवाज म्हणाला. मग जरा दमानं, "म्हणजे, सध्या."

ते कारंज्याचे चंपालालशेठ निघाले. सोयाबीन-तुरीची अडत. नवं सिम घेतलं, त्यावर नेमका हाच नंबर आला, आणि आत उज्ज्वला निघाली.

"पयले म्या राँग नंबरच म्हटलं, बापूरावभाऊ. लोकं ऐकतेत कुठं! म्हणत, सोयरीक जमली काय, का पोरीत काही खोट हाय? आमची मंडळी, प्रेमाबाई, म्हणे, तुमच्या राँग नंबरपायी कोणाच्या तरी लेकीचं नाव खराब होऊन राह्यलं, नीट बोला. मंग नीट बोलाले लागलो."

"अन् आमाले सांगतलं काहून नाही?"

"रिकाम्या हातानं येऊ काय? एखादा पोट्टा निवडून आणाव म्हटलं. सोयाबीन घेताना ओलावा पायतो, इथं तं पोरीचा सवाल."

"कोणाकोणाले हाकललं?" अंजनाबाईंनी तोंड घातलं.

"एक म्हणे, शिकली तेवढं बस झालं, आता घरात राह्यलं पायजे. एकाच्या बापानं नाव-गाव सोडून पयले गाडी इचारली. म्या म्हटलं, किन्हीराजाले एसटी येते."

अंजनाबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे बाप तुमच्यापरीस बरे."

शेठच्या मागून प्रेमाबाईंचा आवाज आला, "अहो, दिवस बुडून राह्यला! जेवता का पोरी उजवता?"

"आलो, आलो. भाऊ, आमा जैन लोकाले दिवस बुडाच्या आत जेवा लागते, थोडक्यात सांगतो. एक करण नावाचा पोट्टा हाय, इथलाच. पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधाचं दुकान. सारं इचारून झालं तं उलटा मलेच म्हणे, शेठजी, पोरीले इचारलं काय? म्या हो म्हटलं." शेठ घुटमळले. "साफ खोटं. तवापासून त्याले फोन कराची हिंमत नाही झाली."

बापूरावांनी पोरीकडे पाहिलं. दोन वर्षं ते तिच्यासाठी फोनची वाट पाहत होते, आणि तिला काही विचारायचं त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

उज्ज्वलानं फोन ओढून घेतला. "काका, त्याचा नंबर द्या. मीच बोलते."

"अशी रीत असते काय?" बापूराव म्हणाले.

"रीतीनं वाट पाह्यली ना आपण," अंजनाबाई म्हणाल्या. "गप बसा."

"घे बाई," शेठ म्हणाले. "पण पयल्याच फोनमंदी लय तिखट नको बोलू. पोट्टा चांगला हाय, मले हातचा नाही घालवाचा."

उज्ज्वला करणचा नंबर लावत मिरचीच्या वाफ्यांपलीकडे गेली, ऐकू येणार नाही इतकी लांब. बापूराव ठिबकची नळी चोंदली का ते बघायला म्हणून उठले. नळी अर्थातच तिकडेच होती. अंजनाबाईंनी धोतर धरून त्यांना खाली बसवलं. तेवढ्यात वाफ्यांपलीकडून पोरगी हसल्याचा आवाज आला.

"काय म्हणाला असन?" बापूरावांनी विचारलं.

"तुमाले कायले पायजे?" अंजनाबाई म्हणाल्या, आणि स्वतः उठून नळी बघायला निघाल्या.