राखेवरची फायनल

एल्डर फॉल्समध्ये आगी फारशा लागत नाहीत. त्यामुळे आमच्या बंबाचे प्रमुख टॉरवाल्डकाका कामासाठी आसुसलेले असतात. अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात धरून पलीकडच्या रेषेपार पळायच्या खेळाच्या, फायनलच्या सकाळी मैदानावर गुडघाभर बर्फ होता. अशा वेळी सगळं गाव घरची फावडी घेऊन येतं आणि बर्फ उपसतं. आम्ही फावडी खांद्यावर टाकून पोहोचलो, तर काकांनी काम एकट्यानेच उरकलं होतं. डेअरीच्या बॉयलरमधलं कढत पाणी बंबात भरून त्यांनी अख्ख्या मैदानावर मारलं होतं.

बर्फ खरोखरच वितळला. मग उणे तीसच्या थंडीने आपलं काम केलं. आता मैदानाच्या गोठलेल्या आरशात चर्चचा मनोरा उलटा दिसत होता, आणि अगदी सुबक दिसत होता.

“काका, आइस हॉकी खेळायची का?” मी विचारलं.

“लायल, तू तोंड बंद ठेव. दात गारठतील.”

पंच हॅस्केल पाहणीला आले. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि थेट मैदानाच्या मध्यावर जाऊन थांबले, पाठीवर. तिथूनच त्यांनी निकाल दिला : “यजमानांचं मैदान खेळण्याजोगं नसेल, तर कप पाहुण्यांचा. बारा वाजता कुणीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत न पडता पळून दाखवा. नाहीतर विषय संपला.”

मैदानाची देखभालही काकांकडेच होती. त्यांनी कमरेला लावलेल्या मैदानाच्या चाव्या काढून बायकोच्या, म्हणजे बर्निताकाकूंच्या हातात दिल्या. “हे घे. सगळ्या गावाचा कप मी घालवला. उद्यापासून कुणाला तोंड दाखवणार नाही.”

“मफलरमधून तुझं तोंड दिसतंय कुणाला!” काकू म्हणाल्या आणि गर्दीकडे वळल्या. “ए, राखेची बादली कुणाकुणाच्या दाराशी आहे?”

हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे शेगडीतली राख रोज सकाळी दारातल्या वाटेवर पसरतात, म्हणजे दूधवाला उभाच्या उभा आत येतो. गाव घराकडे पळालं. बादल्या आल्या, पातेली आली, एका तान्ह्या बाळाचा टबसुद्धा आला. पाद्रीबाबांनी चर्चच्या भट्टीतली राख आणली. “ही गोलच्या खांबांजवळ टाका, तिथे जास्त गरज पडते,” म्हणाले.

पाहुण्या संघाच्या, क्लेटन रिज गावची एक आजीबाई फावडं हिसकावून राख पसरू लागली.

“आजी, तुम्ही तुमचाच फुकटचा कप घालवताय,” मी म्हटलं.

“एवढ्या लांबून मी कप बघायला आले का रे? मॅच बघायला आले. सरक!”

राखेत निखारे होते. ते बर्फात जरासे रुतले आणि तिथेच गोठले. आरसा खरखरीत झाला.

बारा वाजले. पळायला आमचा सगळ्यात चपळ गडी, पटनम, पुढे झाला. काकूंनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. “ज्यानं पाणी मारलं, तो पळेल.”

काका पळाले. अंगात बंबाचा कोट, पायात गमबूट. मध्यावर त्यांचा एक पाय कॅनडाकडे निघाला, दुसरा घरी. सगळ्या गॅलरीने श्वास रोखला. लोकांच्या तोंडांवरची वाफच नाहीशी झाली. काकांनी पवनचक्कीसारखे हात फिरवले, दोन्ही पायांची कशीबशी समजूत घातली आणि पलीकडचा खांब गाठला. वाफ एकदम उसळली. हॅस्केलनी शिट्टी तोंडाला लावली, ती ओठालाच चिकटली. मग त्यांनी हातवारे करून सामना सुरू केला.

पाच मिनिटांत दोन्ही संघ राखेने एकसारखे करडे झाले. क्लेटन रिजच्या एका गड्याने आपलाच माणूस समजून आमच्या माणसाच्या हातात चेंडू दिला आणि वर पाठही थोपटली. त्यांचा कोच हॅस्केलवर ओरडला. ओठाला शिट्टी असलेल्या माणसाशी वाद घालायला मजा येत नाही, त्यामुळे तो लवकर थांबला.

काका अजून त्याच खांबाला टेकून धापा टाकत होते. समोरून एक करडा गडी चेंडू छातीशी धरून त्यांच्याच दिशेने सुटला. कुठल्या गावचा, काही कळत नव्हतं.

“ये बाबा, ये!” काका दोन्ही हात पसरून ओरडले. “घाबरू नकोस, जमीन पाय धरतेय!”

तो रेषा ओलांडून पोहोचला, काकांवर आदळला आणि त्याने तोंड पुसलं. पटनम होता.