हेडफोन लावूनच ऐका

रोहित सरांनी अदिबाच्या अल्बमवर दीड हजार शब्द लिहिले, पण गाण्यांत काय म्हटलंय त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढणार कुठून? गाणी उर्दूत, आणि सरांची उर्दू बिर्याणीच्या हॉटेलच्या पाटीपुढे कधी गेलीच नव्हती. पण नव्या संगीताच्या बाबतीत नाशिकात त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. ‘या कुजबुजीत शतकांचं मौन आहे,’ त्यांनी लिहिलं. ‘आणि आवाजाभोवतीचा तो मऊ अंधार! हेडफोन लावूनच ऐका.’

मालेगावातल्या दोन खोल्यांच्या घरात बसून अदिबाने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. कसलं मौन नि कसलं काय! तिचे दोघे भाऊ यंत्रमागावर रातपाळी करून दिवसा झोपत. झोपमोड झाली की घर डोक्यावर घेत. म्हणून ती गोधडीत शिरून, मोबाइल तोंडाशी धरून, दबल्या आवाजात गायली होती. मऊ अंधार तो गोधडीचा होता. एवढ्या मोठ्या विद्वानाला गोधडी ओळखता येऊ नये, याचं तिला हसू आलं.

हसू टिकलं नाही. नऊच्या नऊ गाणी तिने अब्बांवर लिहिली होती. फारुखमियांनी चाळीस वर्षं माग चालवले आणि त्या खडखडाटात कान घालवून बसले. परीक्षण आल्यावर त्यांनी हौसेने हेडफोन लावले, आवाज शेवटपर्यंत वाढवला, मान डोलावली आणि म्हणाले, “बहुत अच्छा, बेटा.” मान भलत्याच ठेक्यावर हलत होती. त्यांना काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. ज्याच्यासाठी गायलं, त्यालाच पोचलं नाही. मग ते कौतुक काय चुलीत घालायचं?

पुढे सरांनीच नाशिकात तिचा कार्यक्रम ठेवला. तिने हट्टाने अब्बांना नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. सरांनी गाण्यापेक्षा लांब प्रास्ताविक केलं आणि शेवटी बोट ओठांवर ठेवून बजावलं, “खोकलासुद्धा आवरा. नाहीतर ती कुजबुज निसटून जाईल.” लोक शहाण्या मुलांसारखे श्वास रोखून बसले.

अदिबाने माइक हातात घेतला, अब्बांसमोर येऊन उभी राहिली आणि खड्या आवाजात गायला लागली. चालू मागांच्या गोंगाटात हाक मारावी, तशी. लोक दचकले. सरांनी डोळे मिटून घेतले होते, ते खाडकन उघडले. अब्बा आधी नुसते बघत राहिले. दुसऱ्या कडव्याला त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हुंदके देऊन रडू लागले.

गाणी संपली. टाळ्या वाजत असतानाच सर तरातरा पुढे आले. “अदिबा, घालवलंत तुम्ही सगळं! ते सूक्ष्मपण कुठे गेलं? हे तर कुणालाही ऐकू येईल असं गाणं झालं.”

अब्बांना सरांचे नुसते ओठ हलताना दिसले. “क्या बोल रहे साहब?”

अदिबा त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, “बोल रहे, गाना ऐसा था के कोई भी सुन सके!”

फारुखमियांनी सरांचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांना लावले. बहिरा माणूस बोलतो तसे ते मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, “मैंने सुना, साहब. पूरा सुना.”