जोडीचं झाड

ब्लूबेरीची दोन्ही झुडपं त्यांनी एकाच सकाळी लावली, एक त्यानं आणि एक तिनं. माती मात्र सगळी तिनंच तयार केली, कारण इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात उभं आयुष्य काढलेल्या बाईला आंबट-खारट कळतं, आणि हे झाड असं नखरेल की माती पुरेशी आंबट नसली तर पानं पिवळी पाडून रुसून बसतं. परसातली माती ती भांड्यात कालवायची, तपासणीची कागदी पट्टी तिच्यात बुडवायची आणि रंग मनासारखा येईपर्यंत गंधक, कुजलेला पाला, पाइनच्या वाळक्या सुया घालत राहायची. तो पुस्तकबांधणी करणारा. त्याचा हात कापण्यात आणि बांधण्यात, म्हणून छाटणी त्याच्याकडे. फांदी डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर तिरकी कापायची, आणि पसरलेल्या फांद्या बांधणीच्या मेणलेल्या दोऱ्यानं आवळायच्या. त्या दोऱ्याची दोन्ही टोकं आत गडप करणारी एक चपटी गाठ तो मारायचा. तिला ती कधी जमली नाही. "शिकून काय करणार आहेस? मी आहे ना," असं तो म्हणायचा, आणि तीही ते खरं धरून चालली होती.

एकच झुडूप न्यायचं म्हणून ती दोघं रोपवाटिकेत गेली होती. नर्सरीवाल्यानं दोन गळ्यात मारली. "एका हातानं टाळी वाजत नाही, बाई," तो पोट हलवत हसला होता. "दोन जातींची दोन लावा. इकडचा पराग तिकडे, तिकडचा इकडे. एकटं ठेवलंत तर चार दाणे देईल, तेही वाटाण्याएवढे, आणि वर तोंड वाकडं करेल ते वेगळंच."

मग एका हिवाळ्यात नवरा गेला. दुकानातच कोसळला, इस्पितळात आणला, आणि त्याच्या रक्ताची शेवटची नळी तिच्याच टेबलावर आली. दुसऱ्या कुणाच्या हाती ती द्यायला तिचं मन धजेना. तिनं स्वतः ती यंत्रात लावली, स्वतः आकडे वाचले आणि वरच्या मजल्यावर डॉक्टर कुणाशी काय बोलतायत हे कळायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं. त्यामुळे तो खरंच गेला का, असा प्रश्न तिला इतर बायकांसारखा रात्रंदिवस पडला नाही. बाकीचं सगळं दुःख वाट्याला आलं, तेवढं एक आलं नाही.

उन्हाळ्यात त्याचं झुडूप वाळलं. पाणी, पाला, गंधक, सगळं करून पाहिलं, पण ते शेंड्याकडून खाली खाली काळं पडत गेलं. शेवटी तिनं ते उपटलं आणि खड्डा बुजवला. तिचं स्वतःचं झुडूप मात्र ठणठणीत होतं.

पुढच्या वसंतात त्याला फुलं आली, पांढरीशी, खाली तोंड केलेल्या घंटांसारखी. त्यांचं पुढं काही होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तिनं फारसं लक्ष दिलं नाही. पण पाकळ्या गळल्या आणि देठादेठाशी हिरवे मणी धरले. ते गुलाबी झाले, जांभळे झाले, आणि एका सकाळी इस्पितळात जायच्या घाईत तिची नजर गेली तेव्हा झुडूप निळ्या फळांनी वाकलं होतं. फळांवर पिठासारखी पांढुरकी झाक होती आणि आकार तर असा, की दोघं असताना सुद्धा कधी आला नव्हता.

ओंजळभर फळं रुमालात बांधून ती नर्सरीवाल्याकडे गेली. त्यानं एक तोंडात टाकलं, दुसरं बोटांनी फोडून आतल्या बिया पाहिल्या.

"जोडी जोरात आहे की!"

"जोडी राहिली नाही. दुसरं मागच्या वर्षीच वाळलं."

"मग शेजारीपाजारी कुणाकडे तरी असेल."

"इकडे कुणाकडे नाही. मला माहीत आहे."

"अहो बाई, झाड काय खोटं बोलतंय? बिया बघा ना किती धरल्यात. आहे जवळच कुठंतरी. मधमाशी काही बस पकडून जात नाही."

तिच्या परसाच्या मागे विटांची उंच भिंत होती. भिंतीपलीकडे मागच्या गल्लीतलं घर. त्याचं दार त्या गल्लीत उघडत असल्यामुळे आणि तिकडे जायचं तर चौकातून वळसा घ्यावा लागत असल्यामुळे इतक्या वर्षांत तिथं कोण राहतं याची तिला गंधवार्ता नव्हती. रविवारी दुपारी ती खुर्ची टाकून झुडपाशी बसली. दोन-चार चुकार फुलं उरली होती. मधमाश्या त्यांच्यावर बसत, उठत, आणि सरळ भिंतीवरून पलीकडे जात. येत होत्या त्याही तिकडूनच.

वळसा घालून तिनं त्या घराची घंटा वाजवली. दार तिच्याच वयाच्या, गोलमटोल, हसऱ्या बाईनं उघडलं. हात पिठाचे होते. ब्लूबेरीचं नाव काढताच ती खुलली आणि बाजूच्या बोळातून तिला थेट मागे घेऊन गेली.

"तुम्हाला कुठंतरी पाहिलंय मी," चालता चालता ती म्हणाली.

"इस्पितळात रक्त द्यायला आल्या असाल."

"नाही हो. सुईला मी जाम भिते." तिनं वळून पुन्हा एकदा नीट पाहिलं. "कुठं बरं? राहू दे, आठवेल."

झुडूप भिंतीला लागूनच होतं. शेजारी बुजवलेल्या खड्ड्यासारखी जागा होती, गोल, जरा खचलेली.

"इथं जोडी होती," पिठाच्या हाताची बाई म्हणाली. "दुसरं वाळलं मागच्या उन्हाळ्यात. ह्यांनी फार केलं त्याचं, पण नाही धरलं. तेव्हापासून हे ह्या एकाला तळहाताच्या फोडासारखं जपतात."

ती झुडपाकडे पाहत होती. फांद्या डोळ्याच्या जरा वर तिरक्या कापल्या होत्या. पसरलेल्या फांद्या मेणलेल्या दोऱ्यानं आवळल्या होत्या, आणि गाठ चपटी होती. तिनं पुढं होऊन गाठीवर नख फिरवलं. टोकं सापडली नाहीत.

"अहो!" त्या बाईनं घराकडे तोंड करून हाक मारली, आणि ती दचकली, कारण ही हाक तिनं स्वतः इतकी वर्षं, अगदी याच चढ्या सुरात मारली होती. "अहो, बाहेर या जरा! तुमच्या झाडाची चौकशी करायला आल्यात!"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी घसा खाकरला. "हं, तर..." एवढंच ऐकू आलं. बोलायला सुरुवात करण्याआधी तिचा नवरा नेहमी तेवढंच म्हणायचा.

ती तिथं थांबली नाही. दूध उतू जातंय असं काहीतरी पुटपुटत बोळातून बाहेर पडली. चौकातल्या गर्दीत तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण धावतो आहोत.

त्यानंतर ती दोनदा तिथं गेली. पहिल्या खेपेला दार उघडलंच नाही, खिडकीचा पडदा तेवढा हलला. दुसऱ्या खेपेला ती बाई दार किलकिलं करून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. राग होता असंही नाही. रुग्णाच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसासारखी ती हलक्या आवाजात बोलली.

"तुम्ही येत जाऊ नका हो. तुम्ही येऊन गेलात की ह्यांना त्रास होतो. झोपत नाहीत."

"त्यांनी मला पाहिलं तरी आहे का?"

"नाही ना. तेच तर." एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं.

शनिवारी धाकटी बहीण आली. धाकटी आली की घरात चार माणसं आल्यासारखं वाटे. बोलायला लागली की तोंडाचा पट्टा थांबत नसे, म्हणून तिच्या भावोजींनी, म्हणजे गेलेल्या नवऱ्यानं, आपल्या लग्नाच्या मांडवातच तिचं नाव 'टिटवी' ठेवलं होतं. त्या नावानं तिला दुसरं कुणी हाक मारत नसे, आणि कुणी मारली असती तर तिनं ती खपवूनही घेतली नसती. वर्षभर ती एकच धोशा लावून होती, की ताईनं हे घर सोडून आपल्याकडे राहायला यावं. ताई दर वेळी झाडाची सबब सांगायची. या खेपेला तिनं सबब सांगितली नाही, सगळं सांगितलं. धाकटी फळं खात ऐकत होती, पण खाता खाता तिचा हात मंदावला.

"ताई, आवाज ऐकलास, की ऐकायचा होता तुला?"

"मी काय खुळी आहे?"

"खुळी नाहीस. एकटी आहेस." धाकटी उठली आणि तिनं वाडगा फळांनी भरला. "थांब. शेजारधर्म म्हणून हे देऊन येते. त्या बाईचा नवरा टकला असेल, बुटका असेल, कसाही असेल. त्याला डोळ्यांनी बघते आणि तुला येऊन सांगते. म्हणजे तुझ्या मनाची पीडा जाईल, आणि मग तू मुकाट्यानं माझ्याबरोबर चलायचं. कबूल?"

"कबूल."

ती गेली. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. ऊन कलायला लागलं होतं. भिंतीपलीकडे घंटा वाजली, दार उघडलं, धाकटीचा खणखणीत आवाज आला, तिचं हसणं आलं. मग ते हसणं मध्येच तुटलं.

धाकटी परतली तेव्हा तिच्या हातात वाडगा नव्हता. ती सरळ आतल्या खोलीत गेली, कपाट उघडलं आणि ताईचे कपडे पलंगावर काढून ठेवू लागली. घडी न घालता, मिळतील तसे.

"बॅग कुठं आहे तुझी?"

"पाहिलंस त्यांना?"

"नाही पाहिलं. ते आत होते, पडद्यामागे. मी त्या बाईशी बोलत होते." धाकटीनं एक साडी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "माझा आवाज ऐकून त्यांनी हाक मारली."

"काय म्हणून?"

धाकटी गप्प राहिली. ती गप्प राहिलेली ताई आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती.

"सांग ना. काय म्हणून हाक मारली?"

"टिटवी म्हणून." तिचा आवाज फुटला. "म्हणाले, 'हं, तर टिटवे, आलीस का गं? तुझी ताई गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतंस घरात.'"

मग धाकटीनं बहिणीचा दंड धरला, घट्ट, बोटं रुतवून, जणू आत हाड आहे की नाही ते चाचपून पाहावं तसा.

"आपण आत्ता निघायचं. कुलूप लावायचं आणि निघायचं. झाडबिड काही नाही."

"हो," ताई म्हणाली. "तू भर बॅग. मी मागचं दार लावून येते."

ती परसात आली. झुडपाच्या सावलीत गारवा होता आणि मधमाश्या घरी गेल्या होत्या. भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज येत होता. कट्. मग थोडी उसंत, मग पुन्हा कट्. फांदी कापण्याआधी मान तिरकी करून डोळा शोधायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच ती उसंत. तो आवाज ऐकत ती उभी राहिली. मग पुढं झाली आणि दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले. विटा दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होत्या. भीती वाटत होती, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला आपण कुणाच्या तरी जवळ उभ्या आहोत असंही वाटत होतं, आणि त्या दोहोंतलं कुठलं मोठं हे तिला ठरवता येईना.

"अहो," तिनं हाक मारली. आवाज घोगरा निघाला, म्हणून पुन्हा, जरा मोठ्यानं मारली. "अहो, ऐकलंत का? मी आहे. मी इथंच आहे हो."

कात्री थांबली.

पलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. भिंतीच्या जाडीएवढ्या अंतरावर, तोंड इकडेच करून. ती वाट पाहत राहिली.

मग पावलं भराभर घराकडे गेली, आणि तिच्या नवऱ्याचा थकलेला, घाबरलेला आवाज आतल्या बाईला म्हणाला, "खिडकी लावून घे गं. ते पुन्हा सुरू झालंय."